केनियातील गरिबीचा नकाशा असा का आहे?

पूर्व आफ्रिकेतील देशांची चर्चा होते तेव्हा केनियाचे नाव बहुधा प्रगतीचे उदाहरण म्हणून घेतले जाते आणि त्याला आधारही आहे. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची ‘एम-पेसा’ ही सेवा २००७ मध्ये याच देशात सुरू झाली आणि काही वर्षांतच बँकेचे तोंडही न पाहिलेल्या लोकांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग बनली. चहा आणि ताजी फुले यांच्या निर्यातीत हा देश जगात आघाडीवर आहे, आणि २०१४ पासून जागतिक बँकेच्या वर्गवारीत तो निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत गणला जातो. मात्र ही प्रगती देशाच्या नकाशावर नेमकी कुठे झाली, हे पाहू लागले की चित्र बदलते. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१५-१६ मध्ये केलेल्या पाहणीनुसार केनियात ३६.१ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. नैरोबीत हे प्रमाण १६.७ टक्के होते, तर वायव्येकडील तुर्काना काउंटीत ७९.४ टक्के. ईशान्य टोकाच्या मांडेरात ७७.६ टक्के, सांबुरूत ७५.८ टक्के आणि मध्य केनियातील न्येरीत १९.३ टक्के. नंतरच्या पाहण्यांत राष्ट्रीय प्रमाण थोडे वरखाली झाले, पण कोण वर आणि कोण खाली हा क्रम फारसा हलला नाही.

काउंटी म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केलेले बरे. केनियात अशा ४७ काउंटी आहेत. आपल्या जिल्ह्याहून त्यांचा दर्जा वेगळा आहे, कारण प्रत्येक काउंटीला लोकांनी निवडून दिलेला गव्हर्नर असतो, स्वतःचे सभागृह असते आणि राष्ट्रीय महसुलातील ठरावीक वाटा मिळतो. दारिद्र्यरेषाही समजून घ्यावी लागते. २०१५-१६ च्या पाहणीत ग्रामीण भागासाठी प्रौढ व्यक्तीमागे दरमहा ३,२५२ शिलिंग आणि शहरी भागासाठी ५,९९५ शिलिंग अशी ही रेषा धरली होती. अन्न, निवारा, कपडे, औषधे, मुलांच्या शाळेचा खर्च हे सगळे त्या रकमेत बसवायचे. तुर्कानात दर पाच माणसांपैकी जवळजवळ चार जणांना तेवढेही जमत नव्हते.

टक्केवारीच्या जोडीने प्रत्यक्ष माणसे मोजली की प्रश्नाचा गुंता लक्षात येतो. २०१९ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ४ कोटी ७६ लाखांच्या घरात होती. त्यात नैरोबीचे सुमारे ४४ लाख लोक होते आणि तुर्कानाचे सुमारे ९ लाख २७ हजार. आता नैरोबीचे १६.७ टक्के आणि तुर्कानाचे ७९.४ टक्के काढून पाहा. पाहणी आणि जनगणना यांच्या वर्षांत अंतर असल्याने हा हिशेब ढोबळ आहे, पण दोन्हीकडे उत्तर सव्वासात ते साडेसात लाखांच्या दरम्यान येते. म्हणजे गरीब माणसांची संख्या जवळपास सारखीच आहे. फरक आहे तो पसाऱ्याचा. नैरोबीतील हे लोक सुमारे ७०० चौरस किलोमीटरांत राहतात आणि तुर्कानातील लोक त्याच्या जवळजवळ शंभरपट प्रदेशात विखुरलेले आहेत. नैरोबीत एक दवाखाना उघडला तर चालत येऊ शकतील अशा अंतरावर हजारो माणसे असतात. तुर्कानात तेवढ्याच खर्चाचा दवाखाना काही शे माणसांना उपयोगी पडतो, आणि तीही पावसाच्या मागे गुरे घेऊन वर्षभर फिरत असतात. अशा वेळी सरकारी शिलिंग कुठे खर्च करावा? जिथे तो जास्त माणसांपर्यंत पोहोचतो तिथे, की जिथे त्याची टंचाई जास्त आहे तिथे? केनियातील प्रादेशिक विषमतेचे गेल्या साठ वर्षांचे राजकारण या एका प्रश्नाभोवती फिरत आले आहे, आणि स्वातंत्र्यानंतरची बरीच वर्षे त्याचे उत्तर एकाच बाजूने दिले गेले, असे माझे मत आहे.

विषमतेचे पहिले आणि सर्वांत सोपे स्पष्टीकरण पावसाचे दिले जाते. देशाच्या सुमारे ८० टक्के भूभागाची गणना शुष्क किंवा निमशुष्क प्रदेशात होते. पश्चिमेकडील काकामेगाला वर्षाला २,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस मिळतो, तर तुर्कानाचे मुख्य ठिकाण असलेल्या लोड्वारला २५० मिलिमीटरांहूनही कमी. इतक्या फरकानंतर शेतीचे उत्पन्न सारखे असण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. पण पावसाने सगळे उलगडत नाही, याचा पुरावा त्याच आकडेवारीत आहे. युगांडाच्या सीमेवरील बुसिया काउंटीत पाऊस चांगला पडतो, देशातला एक महत्त्वाचा महामार्ग तिथून सीमेपार जातो, तरी तिथले गरिबीचे प्रमाण ६९.३ टक्के होते. उलट, बराचसा भाग निमशुष्क असलेल्या नारोकमध्ये ते २२.६ टक्के होते, कारण तिथे मसाई मारा अभयारण्याचे पर्यटन आहे, गहू पिकतो आणि नैरोबीची बाजारपेठ आवाक्यात आहे. तेव्हा जमीन कोरडी आहे की ओली, याइतकेच तिच्यापर्यंत रस्ता, शाळा आणि बाजार कधी पोहोचले हेही महत्त्वाचे ठरते. ते कधी पोहोचले, यामागे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत.

त्यातला पहिला मोठा निर्णय रेल्वेचा. ब्रिटिशांनी १८९६ मध्ये मोंबासाच्या बंदरातून लोहमार्ग टाकायला सुरुवात केली आणि १९०१ मध्ये तो व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, आजच्या किसुमूला पोहोचला. नैरोबी हे शहर १८९९ मध्ये या मार्गावरचा एक डेपो म्हणून वसले. मार्ग बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेले होते. त्यात पंजाबातील लोकांचा भरणा होता, आणि पुढे रेल्वे व सरकारी कचेऱ्यांत कारकून म्हणून गोव्यातील लोक मोठ्या संख्येने गेले. इतका खर्च करून बांधलेली रेल्वे चालायची तर माल हवा, आणि माल पिकवण्यासाठी गोरे शेतकरी आणून वसवायचे, असे वसाहत सरकारने ठरवले. मार्गाच्या दोन्ही बाजूंची उंचावरची, थंड हवेची, सुपीक जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आली. ‘व्हाइट हायलँड्स’ या नावाने ओळखला जाणारा हा पट्टा सुमारे ३० लाख हेक्टरांचा होता. तिथल्या किकुयू आणि इतर समाजांना राखीव क्षेत्रांत ढकलले गेले, आणि कॉफीसारखे नगदी पीक घेण्यास आफ्रिकी शेतकऱ्यांना दीर्घकाळ मनाई होती. त्या लोकांवर अन्याय झाला हे उघड आहे. पण रेल्वे, रस्ते, मिशनरी शाळा, दवाखाने आणि बाजारपेठा सगळ्या याच पट्ट्यात उभ्या राहिल्या, आणि स्वातंत्र्यानंतर जमिनींचे फेरवाटप झाले तेव्हा मध्य केनियाच्या हाती ही तयार चौकट आली. लोहमार्गावर वाढलेली गावे, रेल्वेचे महत्त्व कमी झाल्यानंतरही, आज देशातील मोठी शहरे आहेत.

उत्तरेकडे नेमके याच्या उलट घडले. आजचे तुर्काना, मार्साबित, वाजिर, मांडेरा, गारिसा हे प्रदेश वसाहत सरकारच्या दृष्टीने इथिओपिया आणि सोमालिया यांच्यापासून बचाव करणारा रिकामा पट्टा होते. १९०२ च्या कायद्याने असे जिल्हे ‘बंद’ ठरवण्याची तरतूद झाली, म्हणजे बाहेरच्या माणसाला तिथे जायला आणि तिथल्या माणसाला बाहेर यायला परवाना लागे. १९३४ च्या कायद्याने प्रशासनाला अटक, अडवणूक आणि गुरे जप्त करण्याचे व्यापक अधिकार दिले. गोऱ्या शेतकऱ्यांच्या गुरांना रोग लागू नये म्हणून उत्तरेच्या जनावरांवर वर्षानुवर्षे विलगीकरणाचे निर्बंध होते, त्यामुळे ज्या एका मालावर तिथले लोक जगत, तो माल दक्षिणेच्या बाजारात नेणेच अवघड झाले. १९६३ मध्ये स्वातंत्र्य आले तेव्हा उत्तरेतील सोमाली भाषक समाजातील अनेकांना सोमालियात सामील व्हायचे होते. त्यातून १९६७ पर्यंत चाललेला सशस्त्र संघर्ष झाला, आणीबाणी लागू झाली आणि ती संघर्ष संपल्यानंतरही अनेक दशके रेंगाळली. फेब्रुवारी १९८४ मध्ये वाजिरजवळच्या वगाला धावपट्टीवर सुरक्षा दलांनी गोळा केलेल्या शेकडो लोकांची हत्या झाली. मार्साबित किंवा मोयाले इथली माणसे दक्षिणेकडे निघताना ‘केनियाला चाललो’ असे म्हणत, हे त्या भागाबद्दल लिहिणाऱ्या अनेकांनी नोंदवले आहे. इसिओलोपासून इथिओपियाच्या सीमेवरील मोयालेपर्यंतचा सुमारे ५०० किलोमीटरांचा रस्ता पूर्ण डांबरी व्हायला २०१६-१७ उजाडले. त्याआधी या प्रवासाला ट्रकच्या टपावर बसून दोन-तीन दिवस लागत आणि पावसात त्याहून जास्त.

वसाहतीने निर्माण केलेली ही दरी नव्या सरकारने भरून काढावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात १९६५ मध्ये सरकारने जे आर्थिक धोरणपत्र संसदेपुढे ठेवले, त्याने दरीला तात्त्विक आधार दिला. ‘सेशनल पेपर क्रमांक १०’ या नावाने ते केनियात आजही वादाचा विषय आहे. आर्थिक नियोजन मंत्री टॉम एम्बोया यांच्या खात्याने तयार केलेल्या या पत्रात असे मांडले होते की देशाचे उत्पन्न शक्य तितक्या वेगाने वाढवायचे असेल, तर विकासाचा पैसा तो सर्वाधिक परतावा देईल तिथे घालावा, म्हणजेच जिथे चांगली जमीन, पाऊस, वाहतूक आणि वीज आधीच आहे आणि जिथले लोक विकासाला अनुकूल आहेत तिथे. तिथून निघालेली संपत्ती पुढे मागास भागांत वळवता येईल, असा त्यामागचा हिशेब होता. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो आणि आजही जगभर अनेक अर्थतज्ज्ञ तो करतात. त्यातील खोट अशी की जिथे वीज आणि रस्ता आहे तिथेच परतावा जास्त दिसणार, आणि जिथे ते कधी दिलेच नाहीत तिथे तो कमीच दिसणार. आधीच्या अन्यायाचा परिणाम पुढच्या गुंतवणुकीचा निकष बनतो. शिवाय संपत्ती नंतर वळवण्याचे वचन पाळायला कोणती यंत्रणा असेल, याची ठोस व्यवस्था नव्हती. त्या वेळी या पत्रावर टीकाही झाली. टीकाकारांत पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या बराक ओबामांचे वडील होते. त्यांनी त्याच वर्षी पूर्व आफ्रिकेतील एका नियतकालिकात त्याची चिकित्सा केली. गोव्याशी नाते सांगणाऱ्या वाचकांना पिओ गामा पिंटो हे नाव इथे आठवेल. नैरोबीत जन्मलेले, भारतात शिकलेले आणि गोव्याच्या मुक्तीच्या चळवळीत सहभाग घेतलेले हे समाजवादी खासदार जमीन आणि संपत्तीच्या समान वाटपासाठी आग्रही होते. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांच्या घराजवळ त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. धोरणपत्र संसदेपुढे आले ते त्यानंतर काही आठवड्यांनी.

धोरणाला जोड मिळाली ती सत्तेच्या नातेसंबंधांची. १९६३ ते २०११ या काळातील रस्त्यांच्या खर्चाचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना असे आढळले की राष्ट्राध्यक्षाच्या वांशिक समाजाची वस्ती असलेल्या जिल्ह्यांना रस्त्यांसाठी इतरांच्या दुप्पट पैसा मिळाला आणि तिथे बांधल्या गेलेल्या पक्क्या रस्त्यांची लांबी पाचपट होती. बहुपक्षीय निवडणुका सुरू असलेल्या वर्षांत हा फरक जवळजवळ नाहीसा झाला, हे त्या अभ्यासातले विशेष महत्त्वाचे निरीक्षण आहे. सर्वांना सोबत घेण्याच्या उद्देशाने पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी दिलेल्या ‘हरांबे’ या हाकेचाही असाच अनपेक्षित परिणाम झाला. लोकांनी वर्गणी काढून शाळा बांधावी आणि सरकारने नंतर शिक्षक द्यावेत, अशी ही पद्धत होती. ज्या भागात कॉफी आणि चहाचे पैसे येत होते, तिथे वर्गणी भरपूर जमली, शाळा उभ्या राहिल्या आणि मागोमाग सरकारी पैसाही आला. जिथे वर्गणी देण्याजोगे काही नव्हते, तिथे मागे येणारे अनुदानही आले नाही.

आता आजच्या उत्तरेकडे थोडे जवळून पाहू. तिथल्या कुटुंबाची पुंजी बँकेत नसते, ती शेळ्या, मेंढ्या, उंट आणि गाई यांच्या रूपात असते. एका कुटुंबाकडे चाळीस शेळ्या आहेत असे धरा. चांगल्या वर्षी त्यातील दोन-तीन विकून महिनाभराचा मका, साखर आणि चहा घेता येतो. पाऊस चुकला की चारा संपतो, शेळ्या खंगतात आणि सगळेच एकाच वेळी विकायला निघतात म्हणून त्यांची किंमत कोसळते. त्याच सुमारास दक्षिणेतही पीक कमी आल्याने मका महागतो. कालपर्यंत एका शेळीत जेवढा मका येत होता, तेवढ्यासाठी आता दोन किंवा तीन शेळ्या द्याव्या लागतात, आणि दूधही आटलेले असते. कळप एका मर्यादेखाली गेला की तो पुन्हा वाढत नाही, कारण जन्मलेली करडे खाण्यासाठीच विकावी लागतात. २०२० च्या अखेरीपासून सलग पाच पावसाळे कोरडे गेले तेव्हा केनियाच्या शुष्क भागांत २५ लाखांहून अधिक जनावरे दगावली. हे दिवाळे समजावे, कारण त्या कुटुंबांचे भांडवलच गेले. यावर उपाय म्हणून २०१० पासून मार्साबितमध्ये उपग्रहाने टिपलेल्या हिरवळीच्या मोजमापावर आधारलेला पशुविमा सुरू झाला. त्यात प्रत्येक मेलेले जनावर दाखवावे लागत नाही, चारा एका पातळीखाली गेल्याचे चित्र दिसले की भरपाई मिळते. तुर्काना, मांडेरा, मार्साबित आणि वाजिर या चार काउंटींत अतिगरीब कुटुंबांना नियमित रोख मदत देणारी योजनाही सुरू झाली. या दोन्हींचा उपयोग झाला आहे, पण दुष्काळाच्या आवाक्यापुढे त्या अपुऱ्या पडतात.

बाहेरून आलेले उपायही कधी अंगलट येतात. वाळवंटीकरण थांबवण्यासाठी १९७० आणि १९८० च्या दशकांत बारिंगो आणि आसपासच्या भागांत एक काटेरी झाड लावण्यात आले. महाराष्ट्रात आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो, तिथे त्याला ‘मथेंगे’ म्हणतात. त्याने कुरणेच्या कुरणे गिळली आणि त्याच्या गोड शेंगा खाऊन शेळ्यांचे दात किडून पडू लागले. बारिंगोतील पशुपालकांनी सरकारविरुद्ध दावा लावला तेव्हा पुरावा म्हणून दात पडलेली शेळी न्यायालयात नेली होती.

मोठ्या प्रकल्पांची कथा निराळी नाही. मार्साबित काउंटीत तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्यांचा ३१० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे. २०१८ मध्ये तो राष्ट्रीय विद्युतजालाला जोडला गेला आणि त्यासाठी सुमारे ४३० किलोमीटर लांबीची उच्चदाबाची वाहिनी बांधण्यात आली. ती नैरोबीच्या दिशेने जाते, आणि ज्यांच्या जमिनीवरून वाऱ्याची वीज निघते त्या वस्त्यांतल्या बहुतेक झोपड्यांत ती वीज पोहोचलेली नाही. पवनचक्क्यांसाठी दिलेली सुमारे दीड लाख एकर जमीन पूर्वापार सामूहिक चराईची होती, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने तिचे मालकीहक्क नियमबाह्य रीतीने दिल्याचा निर्णय दिला. २०१२ मध्ये तुर्कानात खनिज तेल सापडल्यावर लोड्वारमध्ये जमिनीचे भाव वाढले, हॉटेले उघडली, पण तेलातून काउंटीला आणि स्थानिक समाजाला किती वाटा मिळावा यावर केंद्र आणि काउंटी यांच्यात अनेक वर्षे वाद चालला.

गरिबी फक्त कोरड्या उत्तरेत आहे, असा समज होऊ नये म्हणून किनाऱ्याचाही विचार करायला हवा. मालिंदी आणि वातामू ही जगप्रसिद्ध पर्यटनस्थळे ज्या किलिफी काउंटीत आहेत, तिथे २०२२ च्या आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील ३७ टक्के मुलांची वाढ खुंटलेली होती. देशभरात हेच प्रमाण १८ टक्के होते आणि किलिफीचे सर्वांत जास्त. त्यामागे जमिनीचा जुना प्रश्न आहे. किनाऱ्याची पट्टी झांझिबारच्या सुलतानाच्या नावावर होती. १९०८ च्या कायद्याने लोकांना आपापले दावे नोंदवायला सांगितले, तेव्हा कागद असलेल्या अरब आणि इतर जमीनदारांचे हक्क पक्के झाले आणि मिजिकेंडा समाजातील हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीवर अतिक्रमणदार ठरली. ज्याच्या नावावर जमीन नाही, तो तिथे आंब्याचे किंवा काजूचे झाड लावायलाही कचरतो. नैरोबीतील गरिबीचे रूप पुन्हा वेगळे. वसाहतकाळात पश्चिमेकडची उंच, हवेशीर बाजू गोऱ्यांसाठी आणि पूर्वेकडची सखल बाजू आफ्रिकी कामगारांसाठी, अशी वर्णानुसार वाटणी होती आणि शहराची आजची घडण त्याच रेषेवर आहे. किबेरा किंवा मथारे या झोपडपट्ट्यांत राहणारी बाई २० लिटरच्या पिवळ्या कॅनमध्ये पाणी विकत घेते, आणि लिटरमागे तिला बंगल्यातल्या नळाच्या पाण्याहून कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात.

हे सगळे असह्य झाल्याचे २००७ च्या डिसेंबरमधील निवडणुकीनंतर दिसले. निकालावरून उसळलेल्या हिंसाचारात १,१०० हून अधिक माणसे मारली गेली आणि सहा लाखांच्या आसपास लोक बेघर झाले. तात्कालिक कारण मतमोजणीचे होते, पण त्याखाली जमीन, नोकऱ्या आणि ‘आता खाण्याची पाळी कुणाची’ हा जुना प्रश्न होता. सगळी सत्ता आणि सगळा पैसा नैरोबीत राष्ट्राध्यक्षांच्या हाती असेल तर प्रत्येक निवडणूक जीवनमरणाची होणार, हे ओळखून नवी राज्यघटना तयार झाली आणि २७ ऑगस्ट २०१० रोजी लागू झाली. पूर्वीचे आठ प्रांत आणि त्यांवर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले आयुक्त गेले, आणि मार्च २०१३ च्या निवडणुकीनंतर ४७ काउंटी सरकारे सुरू झाली. आरोग्य, शेती, स्थानिक रस्ते, बालवाड्या त्यांच्याकडे आल्या. प्राथमिक आणि माध्यमिक शाळांचे शिक्षक मात्र राष्ट्रीय आयोगाच्या अखत्यारीत राहिले.

पैशाची व्यवस्था घटनेतच लिहिली आहे. राष्ट्रीय महसुलाच्या किमान १५ टक्के रक्कम काउंटींना मिळालीच पाहिजे. हा महसूल चालू वर्षाचा नसून ज्या शेवटच्या वर्षाचे हिशेब तपासून संसदेने मंजूर केले त्या वर्षाचा धरतात, म्हणून हिशेब रखडले की काउंटींची हक्काची किमान रक्कमही जुन्या, लहान आकड्यावर ठरते. जमलेली रक्कम ४७ जणांत कशी वाटायची, याचे सूत्र महसूल वाटप आयोग सुचवतो आणि सिनेट, म्हणजे काउंटींचे प्रतिनिधित्व करणारे संसदेचे सभागृह, ठरवते. पहिल्या सूत्रात लोकसंख्येला ४५ टक्के भार होता, सर्वांना सारख्या वाट्याला २५, गरिबीला २०, क्षेत्रफळाला ८ आणि आर्थिक शिस्तीला २. यातील २५ टक्क्यांचा सारखा वाटा नीट समजून घेण्यासारखा आहे. दीड लाखांहूनही कमी लोकसंख्येच्या लामूला त्यातून नैरोबीइतकीच रक्कम मिळते, त्यामुळे विरळ वस्तीच्या काउंटींना माणशी बराच जास्त पैसा येतो. १९६५ च्या धोरणाची दिशा इथे उलटी फिरवली गेली, असे म्हणता येईल.

साहजिकच दाट वस्तीच्या भागांना हे खुपले. माणूस मोजा आणि त्याप्रमाणे शिलिंग द्या, अशी मागणी मध्य केनियातून पुढे आली. २०२० मध्ये तिसरे सूत्र ठरवताना सिनेटमध्ये या मुद्द्यावर काही महिने कोंडी झाली. उत्तर आणि किनाऱ्यावरील सिनेटरांनी आपला वाटा घटवणारा प्रस्ताव वारंवार रोखला आणि त्या ऑगस्टमध्ये तीन सिनेटरांना अटकही झाली. सप्टेंबरमध्ये तोडगा निघाला तो असा की पुढील वर्षी एकूण रक्कम ५३.५ अब्ज शिलिंगांनी वाढवून ३७० अब्ज करायची, म्हणजे कोणाचाच वाटा कमी होणार नाही. लोकसंख्या हाच निकष असला की जनगणनाही वादाची होते. २००९ च्या जनगणनेत उत्तरेतील आठ जिल्ह्यांचे आकडे अवाजवी वाढलेले दिसतात म्हणून सरकारने ते रद्द केले होते आणि त्यावरून बराच काळ न्यायालयीन लढाई चालली.

पैसा गेला, त्याचे झाले काय? वाढ खुंटलेल्या मुलांचे राष्ट्रीय प्रमाण २०१४ मधील २६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये १८ टक्क्यांवर आले. प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण देशात ८९ टक्क्यांपर्यंत गेले. तुर्काना, मांडेरा आणि वाजिरमध्ये ते अजून ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आहे. ही दरी मोठी आहे, पण जिथे पूर्वी बहुतेक बाळंतपणे घरीच होत, तिथे निम्म्याहून अधिक स्त्रियांना मदत मिळणे हा बदल लहान मानता येत नाही. अपयशही तितकेच खरे आहे. कायद्याने अर्थसंकल्पाचा किमान ३० टक्के भाग विकासकामांवर खर्च करायचा असतो, पण अनेक काउंटींत पगार आणि प्रवासभत्ते यांतच पैसा संपतो. राष्ट्रीय तिजोरीतून हप्ते महिनोन्‌महिने उशिरा येतात, औषधांची बिले थकतात आणि कर्मचारी संपावर जातात. मांडेरात नोव्हेंबर २०१४ मध्ये दहशतवाद्यांनी बसमधील प्रवाशांना वेचून ठार केले, त्यात शिक्षक होते. त्यानंतर दक्षिणेतून आलेले शिक्षक मोठ्या संख्येने ईशान्येकडून निघून गेले. इमारत आहे, फळा आहे, शिकवणारे कोणी नाही, अशा शाळांवर काउंटीचा पैसा उपाय करू शकत नाही, कारण शिक्षक नेमणे तिच्या हातात नाही.

याखेरीज घटनेने समानीकरण निधी नावाची एक वेगळी तरतूद केली आहे. दरवर्षी राष्ट्रीय महसुलाचा अर्धा टक्का बाजूला काढायचा आणि पाणी, रस्ते, आरोग्य व वीज या चार सेवा मागे राहिलेल्या भागांत उर्वरित देशाच्या पातळीला येतील, यासाठी तो वापरायचा. आपल्याकडे ज्याला अनुशेष म्हणतात तो भरून काढण्यासाठीच हा निधी आहे. आयोगाने सुरुवातीला १४ काउंटी त्यासाठी पात्र ठरवल्या, पुढे संपूर्ण काउंटीऐवजी लहान लहान मागास वस्त्या निवडण्याची पद्धत आणली, जी मला अधिक योग्य वाटते, कारण सधन काउंटीच्या पोटातही उपेक्षित गावे असतात. पण निधी कोणी खर्च करायचा, केंद्राने की काउंटीने, यावरून वाद न्यायालयात गेला आणि पहिल्या दशकात फार थोडा पैसा प्रत्यक्ष कामांपर्यंत पोहोचला. घटनेने या निधीला २० वर्षांचे आयुष्य दिले असून ते २०३० मध्ये संपते. मुदत वाढवायची असेल तर राष्ट्रीय सभेच्या निम्म्याहून अधिक सदस्यांनी आणि सिनेटमधील निम्म्याहून अधिक काउंटींच्या प्रतिनिधींनी तसा कायदा मंजूर करावा लागेल. राष्ट्रीय सभेतील बहुसंख्य सदस्य दाट वस्तीच्या काउंटींतून येतात, तेव्हा २०३० पूर्वी तुर्काना आणि मांडेराच्या प्रतिनिधींना आपल्या बाजूची मते त्यांच्यातूनच मिळवावी लागतील.